छळ : आंतरराष्ट्रीय कायद्यातील व्याख्या

शासनसत्तेच्या ताब्यातील व्यक्तीला विशिष्ट प्रयोजनाने व जाणूनबुजून दिलेली तीव्र शारीरिक वा मानसिक वेदना, असा ‘छळ’ या संज्ञेचा आशय स्थूलमानाने सांगता येतो. १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा (अनुच्छेद ५) आणि १९६६ चा नागरी व राजकीय हक्कांचा करार (अनुच्छेद ७) यांनी छळाला मनाई केली, व्याख्या मात्र दिली नाही. ती संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ९ डिसेंबर १९७५ च्या घोषणेत आली. बंधनकारक रूप तिला १० डिसेंबर १९८४ रोजी संमत झालेल्या छळविरोधी कराराने दिले. हा करार २६ जून १९८७ पासून अमलात आहे.

कराराच्या पहिल्या अनुच्छेदानुसार वेदना तीव्र आणि हेतुपुरस्सर दिलेली असावी लागते. तिच्यामागे माहिती वा कबुली काढणे, शिक्षा, धाकदपटशा किंवा भेदभाव यांसारखे प्रयोजन असावे लागते. शिवाय सरकारी अधिकाऱ्याची कृती, चिथावणी, संमती किंवा निदान डोळेझाक असावी लागते. केवळ कायदेशीर शिक्षेतून उद्भवणारी वेदना यात धरलेली नाही.

सर्वाधिक वाद तीव्रतेवर आहे. १९७५ च्या घोषणेने छळाला अमानुष वागणुकीचे ‘अधिक गंभीर’ रूप म्हटले होते. १९८४ च्या व्याख्येत ते शब्द नाहीत. उत्तर आयर्लंडमध्ये १९७१ साली संशयितांना भिंतीला टेकवून ताटकळत उभे करणे, डोक्यावर पिशवी चढवणे, कर्कश आवाज, झोप तोडणे आणि अन्नपाणी तोडणे या पाच पद्धती वापरल्या गेल्या. युरोपीय मानवी हक्क आयोगाने १९७६ मध्ये त्यांना छळ ठरवले. १९७८ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने मात्र त्या ‘अमानुष व मानहानिकारक’ असल्या तरी छळ नव्हेत, असा निर्णय दिला. त्याच न्यायालयाने १९९९ मध्ये, पूर्वी छळ न ठरलेली कृत्ये पुढे छळ ठरू शकतील, असे मान्य केले. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या २००२ च्या टिपणाने अवयव निकामी होण्याइतकी वेदना ही कसोटी लावली. ते टिपण २००४ मध्ये मागे घेतले गेले. वेदनेच्या पायऱ्या मोजण्याऐवजी प्रयोजन आणि बंदिवानाची असहायता यांवरून छळ ओळखावा, हे मत कराराच्या शब्दांशी अधिक जुळते.

सरकारी अधिकाऱ्याची अट सर्वत्र नाही. पूर्वीच्या युगोस्लाव्हियातील युद्धगुन्ह्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने कुनाराच खटल्यात (२००१) युद्धकाळातील छळासाठी ती अनावश्यक मानली. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापणाऱ्या १९९८ च्या रोम संविधीत मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यासाठी प्रयोजनाचीही अट नाही. अमेरिका खंडातील देशांच्या आंतर-अमेरिकी छळविरोधी कराराने (१९८५) व्यक्तिमत्त्व पुसून टाकणाऱ्या पद्धती, वेदना न होताही, छळात धरल्या.

भारतातील प्रश्न जुना आहे. १८५५ च्या सुमारास नाशिक येथील गुन्नू नावाच्या संशयिताच्या पोलीस छळाने झालेल्या मृत्यूचे प्रकरण गाजले. त्याच साली मद्रास छळ आयोगाचा अहवाल निघाला. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पोलिसांपुढील कबुली पुराव्यात अग्राह्य ठरवली. भारताने १४ ऑक्टोबर १९९७ रोजी छळविरोधी करारावर सही केली, पण अनुसमर्थन (करार स्वतःवर बंधनकारक करणारी अंतिम मान्यता) केलेले नाही. २०१० चे छळ प्रतिबंधक विधेयक लोकसभेत संमत होऊनही कायदा झाले नाही. विधी आयोगाने २०१७ च्या २७३ व्या अहवालात अशा कायद्याची पुन्हा शिफारस केली. भारतीय न्याय संहितेचे कलम १२० कबुलीसाठी केलेल्या दुखापतीला शिक्षा देते; परंतु दुखापत म्हणजे शारीरिक वेदना, आजार वा दुर्बलता. त्यामुळे नाशिकच्या एखाद्या पोलीस ठाण्यात कबुलीसाठी संशयिताला कुटुंबाविषयी धमक्या देऊन रात्रंदिवस घाबरवले, तर कराराखाली तो मानसिक छळ ठरू शकतो. या कलमाखाली मात्र दुखापत सिद्ध करावीच लागते.