तेलोत्तर विमानवाहतूक, विदर्भातील

खनिज तेलाचा साठा आटल्यावर, किंवा तेल विमानांना परवडेनासे झाल्यावर, चालू राहू शकणारी हवाई वाहतूक आणि तिच्यासाठी विदर्भाच्या ग्रामीण भागातून मिळू शकणारी इंधने यांचा परामर्श या नोंदीत घेतला आहे. प्रवासी जेट विमानांतील टर्बाइन इंधन (एटीएफ) म्हणजे कसून शुद्ध केलेले केरोसीन. त्याच्या एका किलोग्रॅममध्ये सु. ४३ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि जेट ए-१ या प्रचलित प्रकाराला उणे ४७° से. पर्यंत गोठून चालत नाही. पर्यायी इंधनाला या दोन अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात.

तेल संपणे : याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. अमेरिकन भूवैज्ञानिक एम. किंग हबर्ट यांनी १९५६ मध्ये असे मांडले की, अमेरिकेचे तेल उत्पादन १९६५ ते १९७० च्या सुमारास शिखर गाठून उतरणीला लागेल. ते १९७० मध्ये शिखरावर पोचलेही. पुढे शेल खडकांतील तेल निघू लागले आणि २०१८ च्या सुमारास ते शिखर मागे पडले. कॉलिन कॅम्पबेल व जाँ लाएरेर यांनी १९९८ मध्ये जगाच्या पारंपरिक तेलाबाबत, साधारण दहा वर्षांत उतरण लागेल असे अनुमान केले. मॉरिस एडलमन हे अर्थशास्त्रज्ञ मात्र तेलसाठ्यांकडे दुकानातील मालासारखे पाहत. किंमत चढली की शोध वाढतो आणि माल पुन्हा भरला जातो. ज्ञात साठा भागिले वार्षिक वापर हा आकडा गेली तीनएक दशके चाळीस-पन्नास वर्षांच्या खाली फारसा उतरलेला नाही, हे एडलमन यांच्या बाजूने जाते. तेव्हा अखेरचा थेंब संपण्याची वाट कोणाला पाहावी लागेल असे दिसत नाही. किंमत, आयात आणि कार्बनविषयक निर्बंध त्याआधीच आडवे येतील. कच्च्या तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक आयात करणाऱ्या भारतासाठी हा फरक महत्त्वाचा आहे.

पहिले उड्डाण : वनस्पतिजन्य इंधनावर पहिले विमान कधी उडाले, याचे उत्तर ‘पहिले’ कशाला म्हणायचे यावर ठरते. ब्राझीलमध्ये वनस्पती तेलापासून केलेले केरोसीन वापरून १९८४ च्या सुमारास एक बांदेइरांते विमान उडवण्यात आले. अमेरिकेत २००७ मध्ये एल-२९ हे जुने चेक बनावटीचे प्रशिक्षण जेट बायोडिझेलवर उडाले, पण बायोडिझेल थंडीत गोठते आणि प्रवासी विमानाला ते चालत नाही. प्रवासी कंपनीच्या विमानाचे पहिले उड्डाण म्हणून सामान्यतः फेब्रुवारी २००८ मधील व्हर्जिन अटलांटिकच्या लंडन–ॲम्स्टरडॅम चाचणीचा उल्लेख होतो. तीत बोइंग ७४७ च्या एका इंजिनात नारळ व बाबासू (ब्राझीलमधील एक ताड) यांच्या तेलापासूनचे इंधन २० टक्के मिसळले होते. प्रवासी मात्र नव्हते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात एअर न्यूझीलंडने मोगली एरंडाच्या (जट्रोफा) तेलापासूनचे इंधन निम्म्या प्रमाणात वापरून पाहिले. जैवइंधनाच्या आजच्या मानकांचा पाया त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत घातला गेला, म्हणून २००८ हेच वर्ष प्रारंभबिंदू मानणे सोयीचे आहे. ब्राझीलचा दावा त्यामुळे खोटा ठरत नाही.

भारतात २७ ऑगस्ट २०१८ रोजी स्पाइसजेटचे क्यू-४०० विमान डेहराडूनहून दिल्लीस गेले. त्यात डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने तयार केलेले जैवइंधन २५ टक्के होते व त्याचे बी शेजारच्या छत्तीसगडचे होते. २६ जानेवारी २०१९ च्या संचलनात वायुसेनेच्या एएन-३२ ने १० टक्के मिश्रणावर उड्डाण केले. १९ मे २०२३ रोजी पुणे–दिल्ली मार्गावर पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे इंधन अल्प प्रमाणात मिसळलेले प्रवासी विमान उडाले.

सरकी व इतर तेलबिया : कोणत्याही वनस्पती तेलावर दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया केली की त्यातील ऑक्सिजन निघून जातो व सरळ साखळीचे हायड्रोकार्बन उरतात. अडचण पुढे आहे. सरकीच्या तेलातील मेदाम्ले मुख्यतः १६ व १८ कार्बनांची, म्हणून उरणारी साखळीही त्याच लांबीची. त्यांपैकी १६ कार्बनांचे हेक्झाडेकेन १८° से. ला आणि १८ कार्बनांचे ऑक्टाडेकेन २८° से. ला गोठते. म्हणजे नागपूरच्या हिवाळी रात्री धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानाच्या टाकीतच ते थिजेल, दहा किलोमीटर उंचीवरची गोष्ट दूरच. यासाठी साखळ्या तोडून त्या ९ ते १५ कार्बनांच्या कराव्या लागतात व त्यांना फांद्या फोडाव्या लागतात. या तोडीत काही माल नाफ्था व गॅस होऊन निसटतो आणि हायड्रोजनचा खर्च वाढतो.

दुसरा मुद्दा ॲरोमॅटिक (कार्बन अणूंचे वलय असलेल्या) संयुगांचा. खनिज केरोसीनमध्ये ती २५ टक्क्यांपर्यंत असू शकतात. वरील प्रक्रियेच्या इंधनात ती जवळजवळ नसतात. ती जळताना काजळी करतात, त्यामुळे नसलेलीच बरी असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु जुन्या विमानांच्या इंधननळ्यांच्या सांध्यांत नायट्राइल रबराच्या कड्या बसवलेल्या असतात. वर्षानुवर्षे ॲरोमॅटिक संयुगे शोषून त्या फुगलेल्या असतात आणि त्या फुगीवरच सांधा घट्ट राहतो. इंधन बदलताच कडी आकसते व सांधा गळू लागतो. मिश्रणात ॲरोमॅटिक संयुगे किमान ८ टक्के असावीत आणि बहुतेक जैवइंधने ५० टक्क्यांपेक्षा अधिक मिसळू नयेत, या मर्यादांमागचे एक मोठे कारण ही चिमुकली कडी आहे. शंभर टक्के पर्यायी इंधनावर व्हर्जिन अटलांटिकचे विमान २८ नोव्हेंबर २०२३ रोजी लंडनहून न्यूयॉर्कला गेले, तेव्हा ॲरोमॅटिक घटक वेगळा तयार करून मिसळावा लागला होता.

सरकीचे तेल खाण्यात जाते आणि ढेप जनावरांना, त्यामुळे विमानांच्या वाट्याला ते येण्याची शक्यता कमी. मोगली एरंडाच्या लागवडीला २००३ नंतर देशभर उत्तेजन मिळाले. २० टक्के बायोडिझेल मिश्रणाचे तेव्हाचे उद्दिष्ट गाठता आले नाही. पाण्यावाचून झाड जगते, पण भरघोस बी देत नाही. विदर्भात ते पूर्वीसारखे धुऱ्यावर व कुंपणालाच अधिक दिसते. त्याला शेळी तोंड लावत नाही, हा त्याचा तिथला गुण. मोहाच्या व करंजाच्या बियांतही तेल भरपूर असते. गडचिरोली–गोंदियाकडे मोहाचे तेल घरात वापरले जाते.

पऱ्हाटी : कापूस वेचून संपला, उलंगवाडी झाली की शेतात वाळलेल्या पऱ्हाट्या (कपाशीची झाडे) उभ्या राहतात. एका हेक्टरातून त्या सुक्या वजनाने सु. दोन ते तीन टन मिळतात. सेल्युलोजपासून इथेनॉल व इथेनॉलपासून विमान इंधन या मार्गाने त्यांचा उपयोग होऊ शकतो. इथेनॉलपासूनच्या इंधनाला आंतरराष्ट्रीय मानकात २०१८ मध्ये स्थान मिळाले. पानिपत येथे ऑगस्ट २०२२ मध्ये उद्घाटन झालेल्या प्रकल्पात वर्षाला २ लाख टन धानाच्या तणसापासून (पेंढ्यापासून) सु. ३ कोटी लिटर इथेनॉल अपेक्षिले आहे. म्हणजे टनामागे १५० लिटर. हाच दर पऱ्हाटीला लावला व एक लिटर इंधनास सु. १.७ लिटर इथेनॉल धरले, तर एका हेक्टरातून २२० लिटरच्या आसपास इंधन पडते. एअरबस ए-३२० जातीचे विमान नागपूर ते मुंबई जाताना तीन ते चार टन, म्हणजे सरासरी चार-साडेचार हजार लिटर इंधन जाळते. तेव्हा एका फेरीसाठी सु. २० हेक्टर, म्हणजे पाच-पाच एकरवाल्या दहा शेतकऱ्यांची पऱ्हाटी लागेल. हा हिशेब प्रस्तुत नोंदलेखकाचा असून तो उदार आहे; पऱ्हाटीत तणसापेक्षा लिग्निन (लाकडाला कठीणपणा देणारा, इथेनॉल न होणारा घटक) जास्त असल्याने प्रत्यक्ष उतारा कमी पडेल.

रसायन सुटले तरी गोळा करणे सुटत नाही. पऱ्हाटी फेब्रुवारी ते मे या काळात उपटली जाते. लोखंडी चिमट्यात बुंधा धरून दांडा दाबला की ती मुळासकट वर येते. जमीन कोरडी ठणठणीत असेल तर बुंध्याशीच मोडते आणि धसकट आत राहते. भारे बांधून भरलेली ट्रॉली दिसायला डोंगर, वजनाला मात्र हलकी, त्यामुळे दहा-वीस किलोमीटरपलीकडे वाहतूक अंगावर येते. तुकडे करून कांड्या (पांढरा कोळसा) करणे हा त्यावरचा उपाय. त्या कांड्यांना बॉयलरवाले गिऱ्हाईक आधीच आहे.

शिवाय पऱ्हाटीला ‘टाकाऊ’ म्हणणे शहरातून सोपे आहे. चुलीचे जळण, गोठ्याचा कूड, वाडीचे कुंपण यांत ती खपते आणि ती उपटून नेणारा मजूर बहुधा तीच मजुरी समजतो. मातीत सेंद्रिय कर्ब राहावा म्हणून ती यंत्राने बारीक करून शेतातच मिसळावी, अशीही शिफारस होते. इंधनवाद्यांच्या बाजूची एक गोष्ट म्हणजे गुलाबी बोंडअळी. उभ्या पऱ्हाटीवरच्या सुकल्या बोंडांत ती पुढच्या हंगामापर्यंत तग धरते, म्हणून शेत वेळेत मोकळे करणे एरवीही आवश्यक असते.

कोळसा : कोळशाचा वायू करून त्यापासून द्रव इंधन बनवण्याची फ्रान्झ फिशर व हान्स ट्रॉप्श यांची पद्धत १९२५ च्या सुमाराची आहे. दक्षिण आफ्रिकेत ती विमान इंधनासाठी वापरात आहे. वर्धा खोऱ्यातील कोळशावर ती तत्त्वतः चालेल, परंतु एकूण कार्बन उत्सर्जन खनिज केरोसीनच्या दुपटीच्या घरात जाते. हवेतला वा धुराड्यातला कार्बन डाय-ऑक्साइड व हायड्रोजन यांपासून केलेल्या इंधनाला वीज व पाणी दोन्ही लागतात. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचे संच इरई धरणातील पाण्याअभावी २०१० च्या उन्हाळ्यात बंद ठेवावे लागले होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

विद्युत व हायड्रोजन विमाने : लिथियम बॅटरी किलोग्रॅममागे जेमतेम एक मेगाज्यूल साठवते आणि उडताना हलकी होत नाही. विदर्भात मे महिन्यात पारा ४५° से. च्या वर जातो. हवा विरळ होऊन पंखांची उचल घटते, लांब धावपट्टी लागते आणि जड विमानाची अधिकच पंचाईत होते. छोट्या प्रशिक्षण विमानांचा मात्र अपवाद करता येईल. वेलिस इलेक्ट्रो या दोन आसनी विमानाला युरोपात जून २०२० मध्ये प्रमाणपत्र मिळाले. ते पाऊण तासाच्या आसपास उडते, आणि धावपट्टीभोवती घिरट्यांचे धडे तेवढ्यात होतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेल्या बिरसी (गोंदिया) येथील धावपट्टीवर वैमानिक प्रशिक्षण चालते. लहान पिस्टन विमानांचे शिसेयुक्त पेट्रोल वरील कोणत्याही जैवइंधनाने बदलले जात नाही, म्हणून विदर्भात विद्युत विमान आधी दिसलेच तर ते अशा ठिकाणी दिसण्याचा संभव अधिक. द्रव हायड्रोजन उणे २५३° से. ला ठेवावा लागतो व तेवढ्याच ऊर्जेसाठी केरोसीनच्या सु. चौपट जागा घेतो. तुपोलेव्ह-१५५ ने १९८८ मध्ये त्यावर उड्डाण करून दाखवले.

कमी पल्ल्याची विमाने आली तर देशाच्या मध्यावरील नागपूरला पुन्हा महत्त्व येईल, असे म्हटले जाते व रात्रीच्या हवाई टपालाचा दाखला दिला जातो. १९४९ च्या जानेवारीअखेरीस सुरू झालेल्या या सेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली डाकोटा विमाने मध्यरात्री नागपुरास जमत आणि टपालाची अदलाबदल करून पहाटे परतत. हा दाखला जपून वापरावा लागेल. डाकोटाचा पल्ला दिल्ली–मद्रास अंतराला पुरेसा होता. नागपूरचा थांबा टपाल वाटून घेण्यासाठी होता, इंधनासाठी नव्हे.

धोरण : आंतरराष्ट्रीय उड्डाणांत २०२७ मध्ये १ टक्का, २०२८ मध्ये २ टक्के व २०३० मध्ये ५ टक्के पर्यायी इंधनाचे मिश्रण हे भारताचे सूचक उद्दिष्ट आहे. युरोपीय संघाने २०२५ पासून २ टक्के सक्तीचे केले असून २०५० साठी ७० टक्के ठरवले आहे. नागपूरहून परदेशी उड्डाणे मोजकीच, शारजा व दोहासारखी. जैवइंधन केरोसीनमध्ये मिसळून, मिश्रणाची पुन्हा तपासणी होऊन मगच विमानतळाच्या टाकीत येते. त्यामुळे यवतमाळच्या पऱ्हाटीचे इंधन झाले, तरी ते बहुधा एखाद्या किनारी शुद्धीकरण कारखान्यात मिसळले जाईल आणि मुंबईच्या विमानात भरले जाईल.