झिजलेल्या गुडघ्याला आधी व्यायाम, मग पट्टा

कबड्डीत चढाई करणारा एका पायावर गर्रकन वळतो आणि त्याच क्षणी समोरचे त्याचा घोटा पकडतात. लिगामेंट (हाडं बांधून ठेवणारा पट्टा) किंवा मेनिस्कस (गुडघ्यातली गादी) फाटतो तो अशाच वेळी. सूज उतरली की गडी पुन्हा मैदानात. पण अशी दुखापत झालेल्यांपैकी साधारण निम्म्यांच्या त्या गुडघ्यात पुढच्या 10 ते 20 वर्षांत ऑस्टिओआर्थरायटिस, म्हणजे आपण म्हणतो ती ‘झीज’, दिसू लागते. लालबाग-परळमध्ये खेळून वाढलेल्या माणसाला मग चाळिशीतच चाळीचा जिना उतरताना कठडा धरावा लागतो.

‘आता खेळ बंद, आराम कर,’ हा सल्ला त्याला घरीदारी मिळतो. मला तो मुळीच पटत नाही. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेला, म्हणजे झिजतो त्या गुळगुळीत थराला, रक्तवाहिन्या नसतात. दाब पडला की स्पंजसारखं तिच्यातलं पाणी बाहेर जातं, दाब सुटला की सांध्यातला द्रव पोषण घेऊन आत येतो. हालचाल थांबवली तर हे पोषणही आटतं आणि मांडीचे स्नायू वाळतात. शिवाजी पार्कला रोज सकाळी धावणाऱ्यांनी घाबरू नये: 2017 मधल्या एका मोठ्या आढाव्यात खुब्याची किंवा गुडघ्याची झीज हौशी धावपटूंमध्ये 3.5 टक्के, न धावणाऱ्यांमध्ये 10.2 टक्के आणि अव्वल स्पर्धकांमध्ये 13.3 टक्के आढळली.

खरं काम व्यायामाचं. हात न टेकता खुर्चीवरून सावकाश उठणं-बसणं, एका पायरीवर चढ-उतार, एका पायावर तोल, आडवं पडून पाय बाजूला उचलणं. मांडीचा पुढचा आणि नितंबाचा बाजूचा स्नायू बळकट झाला की गुडघा सावरलेला राहतो. डेन्मार्कमध्ये 2013 पासून असाच, आठवड्यातून दोनदा, सहा आठवड्यांचा कार्यक्रम राबवला जातो. व्यायामात थोडं दुखलं तर चालतं. दुखण्याला दहापैकी गुण दिले तर पाचच्या वर नको, आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ते शमायला हवं. नाही शमलं तर व्यायामातला भार किंवा फेऱ्या कमी करा, व्यायाम सोडू नका. अंगाचं वजन जास्त असेल तर उतरवलेल्या प्रत्येक किलोमागे दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो.

पट्ट्याबद्दल गैरसमज फार. केमिस्टकडची साधी नी-कॅप ऊब आणि धीर देते, भार हलवत नाही. भार हलवतो तो बिजागरीचा ‘अनलोडर’ ब्रेस. तो तीन ठिकाणी दाब देऊन झिजलेल्या, बहुतेकदा आतल्या, बाजूवरचं ओझं दुसऱ्या बाजूला ढकलतो. दोन्ही बाजू झिजल्या असतील तर त्याचा फारसा उपयोग नाही, म्हणून आधी उभ्याने काढलेला एक्स-रे ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. मुंबईच्या दमट हवेत ब्रेस दिवसभर बांधला तर कातडी सोलवटते, तेव्हा खेळताना आणि लांब चालताना घाला, घरी काढून ठेवा. ब्रेसमुळे दुखणं कमी झालं की त्याच दिवसांत व्यायाम वाढवायचा, त्याचा खरा फायदा तिथे आहे. गुडघा अडकत असेल, अचानक लचकत असेल किंवा सुजून गरम झाला असेल, तर मात्र व्यायाम आणि पट्टा दोन्ही थांबवून आधी तपासणी करून घ्या.