रॅडिकलला लगाम कसा बसला

पॉलिस्टायरीन, ॲक्रिलिक आणि पीव्हीसीच्या साखळ्या कारखान्यात बहुतेक रॅडिकलच्या (जोडीदार नसलेल्या एकट्या इलेक्ट्रॉनमुळे चटकन जुळणाऱ्या रेणूच्या) जोरावरच वाढवतात. या पद्धतीला पाण्याचे वावडे नाही, त्यामुळे उद्योगांनी ती कधीच सोडली नाही. पण दोन रॅडिकल भेटले की एकमेकांना संपवतात. एक साखळी सेकंदभरात वाढून मरते, तेव्हा पुढची सुरूही झालेली नसते. हाती येते ती लांब-आखूड साखळ्यांची खिचडी, आणि मेलेल्या टोकाला दुसरा मोनोमर, म्हणजे साखळीची कडी होणारा लहान रेणू, जोडताही येत नाही.

साखळी जिवंत ठेवता येते, हे रसायनशास्त्रज्ञ मायकेल श्वार्ट्स यांनी 1956 मध्ये अमेरिकेत सिरॅक्यूजला दाखवले होते. सोडियम नॅप्थॅलीनच्या हिरव्या द्रावणात स्टायरीन (पॉलिस्टायरीनचा मोनोमर) पडताच ते लाल होई. स्टायरीन संपले तरी लाली टिके आणि नवे घातले की साखळ्या पुन्हा वाढू लागत. मात्र तिथे टोकांवर ऋणभार होता, म्हणून ती एकमेकांपासून लांब राहत. रॅडिकलमध्ये ती सोय नाही. ओसाकात ओत्सु यांनी 1982 मध्ये रॅडिकलवरच असा प्रयत्न केला, पण पकड सैल राहिली.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते मेलबर्नच्या सीएसआयआरओ या ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन संस्थेतले काम. सॉलोमन आणि रिझार्डो यांना साखळीची सुरुवात कशी होते ते पाहायचे होते, म्हणून ते नायट्रॉक्साइड (स्वतः टिकून राहणारे रॅडिकल) वापरून कोवळे रॅडिकल पकडत. तापवल्यावर नायट्रॉक्साइडशी जुळलेला बंध सुटतो, रॅडिकल थोडे मोनोमर जोडतो आणि पुन्हा पकडला जातो, हे त्यांनी हेरले. सगळी किल्ली इथेच आहे: कोणत्याही क्षणी बहुतेक साखळ्या निजलेल्या, जाग्या अगदी मोजक्या. जागे दोघे भेटण्याची शक्यताच घटते आणि सगळ्या साखळ्या बरोबरीने वाढतात. त्यांचे अमेरिकी पेटंट 1986 चे. तरी जगाचे लक्ष वेधले ते 1993 मध्ये, झेरॉक्सच्या कॅनडातल्या प्रयोगशाळेने टेम्पो हे नायट्रॉक्साइड वापरून एकसारख्या लांबीचे पॉलिस्टायरीन बनवले तेव्हा.

मग वेग आला. 1995 मध्ये क्योटोत सावामोतो यांनी रुथेनियम, तर पिट्सबर्गला मॅटिजाशेव्स्की यांनी तांबे वापरून साखळीच्या टोकाचा हॅलोजन (क्लोरीन किंवा ब्रोमीन) काढण्या-घालण्याची एटीआरपी (अणू-हस्तांतरण रॅडिकल पॉलिमरीकरण) पद्धत स्वतंत्रपणे मांडली. 1998 मध्ये सीएसआयआरओनेच गंधकाच्या संयुगांवर चालणारी राफ्ट पद्धत दिली.

एटीआरपीत पॉलिमरमध्ये उरणारे तांबे ही मोठी डोकेदुखी होती. ग्लुकोजसारखी क्षपणके (इलेक्ट्रॉन देणारी संयुगे) तांब्याला सतत पुन्हा कामाला लावतात, हे 2005 नंतर दिसले आणि हजारो पीपीएमऐवजी (दहा लाख भागांतले भाग) शंभराहूनही कमी पीपीएम तांब्यावर भागू लागले.