टक्! एमसीबी चॅनलवर बसतो तेव्हा नेमकं काय होतं

घरातल्या डीबीच्या, म्हणजे विजेचा पुरवठा खोल्याखोल्यांत वाटणाऱ्या त्या पेटीच्या, आत कधी बघितलंय का? म्हणजे एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारे ते खटके) वरखाली करायला उघडतो ते पुढचं झाकण नाही, त्याच्या मागचं, स्क्रू काढून निघतं ते. (मेन बंद असताना आणि वायरमन शेजारी असतानाच बघा, उगीच शूरपणा नको.) आत सगळे एमसीबी शाळेतल्या पोरांसारखे ओळीत उभे असतात, पण त्यांना धरून ठेवणारा एकही स्क्रू सापडत नाही. मागे नुसती एक पत्र्याची आडवी पट्टी. वायरमन लोक तिला चॅनल म्हणतात, कॅटलॉगात डिन रेल लिहिलेलं असतं.

माझी आणि या पट्टीची ओळख जरा महागात झाली. भोसरीत एका विजेची पॅनल (कारखान्यातल्या मशीनांची वायरिंगची कपाटं) बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये ट्रेनी म्हणून लागलो होतो, पहिल्याच आठवड्यात चॅनलवरचा एक पॉवर सप्लाय काढायला सांगितला आणि मी तो दोन्ही हातांनी धरून सरळ पुढे ओढला, निघेना म्हणून अजून जोर लावला, तर खाडकन आवाज आला आणि त्याचा प्लास्टिकचा पाय माझ्या हातात. मिस्त्री लांबूनच म्हणाले, "साहेब, तो काय दात आहे का उपटायला? वरून टांगलाय तो. खालची जीभ खाली ओढा, आपोआप सुटतो." "साहेब" कुठल्या सुरात म्हणाले ते सांगत नाही.

पण त्या "वरून टांगलाय" मध्ये सगळं विज्ञान आहे.

आधी पट्टी नीट बघू. आडवा छेद घेतला तर ती काठ असलेल्या साहेबी हॅटसारखी दिसते. एकूण रुंदी ३५ मिलिमीटर, मधला खोलगट भाग बाहेरून २७, म्हणजे वर आणि खाली चार-चार मिलिमीटरचे काठ उरले. पत्रा फक्त १ मिलिमीटर जाड आणि खोली साडेसात. एक मिलिमीटरची सपाट पट्टी तुम्ही हातानं वाकवाल, पण तिलाच अशा घड्या घातल्या की ती ताठ होते, गोठ्यावरचा पन्हाळी पत्रा साध्या पत्र्यापेक्षा ताठ का असतो तेच कारण. वजनदार माल लटकवायचा असेल तर १५ मिलिमीटर खोलीची पट्टी मिळते. खोलीचा दुसरा फायदा असा की पट्टीचे स्वतःचे स्क्रू त्या खोलगट भागात लपून जातात, आणि दोन्ही काठ मागच्या प्लेटपासून उचललेले राहतात, त्यामुळे त्यांच्या मागे आकडा घालायला जागा मिळते. त्या चार मिलिमीटरच्या काठावर सगळा कारभार चालतो.

आता एमसीबीची पाठ बघा. तिथे एक खाच असते. खाचेच्या वरच्या बाजूला न हलणारा आकडा, खालच्या बाजूला स्प्रिंगवरची जीभ. बसवताना एमसीबी थोडा तिरका धरून वरचा आकडा वरच्या काठावर अडकवायचा, मग खालचा भाग पट्टीकडे दाबायचा. जिभेला पुढून उतार दिलेला असतो, त्या उतारावर खालचा काठ घासला की जीभ खाली सरकते, काठ आत गेला की परत वर उसळते आणि टक्. जिभेची आतली बाजू मात्र उताराची नाही, जवळजवळ सरळ कापलेली. म्हणून आत जाताना एका बोटाचा जोर पुरतो आणि बाहेर ओढताना माझ्यासारखा पाय मोडेपर्यंत जोर लावला तरी जीभ हटत नाही. काढायचं असेल तर जिभेच्या टोकाला भोक असतं, त्यात चपटा स्क्रूड्रायव्हर घालून तिला खाली ओढायचं. चांगल्या बनावटीच्या जिभा ओढल्यावर तिथेच उघड्या थांबतात, मग दुसरा हात मोकळा राहतो. ही सोय किती मोठी आहे ते ज्यानं एका हातात टॉर्च धरून काम केलंय त्यालाच कळेल.

मग आकडा वर आणि जीभ खाली असंच का, उलटं का नाही? बहुतेक उपकरणांत असंच दिसतं आणि त्याला कारण आहे. उपकरणाचं वजन पट्टीच्या पुढे लटकत असतं. वजन खाली ओढतं, पण आधार मागे आहे, त्यामुळे उपकरण पुढे कलंडायला बघतं, म्हणजे वरचा भाग पट्टीपासून सुटायला बघतो आणि खालचा भाग उलट पट्टीवर दाबला जातो. घरात भिंतीवरची फळी निखळते तेव्हा आठवा, ब्रॅकेटचा वरचाच स्क्रू भोकातून उपटून येतो, खालचा बिचारा तसाच असतो. तेच इथे. ओढ बसते वरच्या काठावर, म्हणून तिथे न हलणारा, जाड, मजबूत आकडा. खालच्या जिभेला एरवी फारसं काही करायचंच नसतं, तिचं काम फक्त एवढंच की कोणी धक्का दिला किंवा खालच्या वायरी ओढल्या तर उपकरण आकड्यावरून उचकटू नये. नाजूक भाग जिथे भार कमी तिथे.

जीभ वाटते तेवढी साधी नाही बरं का. एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या टोकाला मोकळी अशी प्लास्टिकची पट्टी वाकवली की तिच्या बुडाशी ताण येतो. समजा जीभ १५ मिलिमीटर लांब, २ मिलिमीटर जाड आहे आणि काठ आत जाताना टोक १ मिलिमीटर सरकलं, तर बुडाशी प्लास्टिक साधारण सव्वा टक्का ताणलं जातं. चालेल. लांबी निम्मी केली तर तोच ताण चौपट, म्हणजे पाच टक्क्यांच्या वर, आणि मग दोनचार वेळा काढघाल केली की पांढरी रेघ पडून तुकडा पडायची भीती. दुसरीकडे जाडी दुप्पट केली तर वाकवायला आठपट जोर लागतो. म्हणजे डिझाइनवाल्याला जीभ लांब आणि पातळ हवी, पण एमसीबीच्या पाठीमागे जागा कुठे आहे? म्हणून काही ठिकाणी तीच पट्टी नागमोडी करतात, लांबी वळणांमध्ये लपवतात, आणि काही ठिकाणी सरळ स्टीलची तार घालतात. अजून एक गोष्ट मला फार आवडते, जीभ एकदा काठामागे गेली की ती जवळजवळ पूर्ण सैल होते. प्लास्टिक कायम वाकवून ठेवलं तर ते हळूहळू ढिलं पडतं, त्यात पॅनलच्या आत गरमी, मग तर विचारू नका. म्हणून ताण फक्त त्या टक् पुरता द्यायचा, बाकी वर्षानुवर्षं आराम.

ही कल्पना जर्मनीतली. तिथे १९२८ साली हुगो क्न्यूमान यांनी एसेनच्या आरडब्ल्यूई या वीज कंपनीबरोबर सुटी सुटी टर्मिनलं, म्हणजे दोन वायरी जोडायचे छोटे ठोकळे, बनवली, हवी तेवढी पट्टीवर शेजारी शेजारी लावायची, नको असेल ती काढायची. आधी ठराविक भोकांचा मोठा ठोकळा यायचा, एक भोक कमी पडलं की नवा ठोकळा. नावातलं डिन म्हणजे जर्मनीतली मानकं ठरवणारी संस्था, १९१७ सालची, आपण झेरॉक्सच्या दुकानात जो ए फोर कागद मागतो त्याचं माप पण हिनेच १९२२ मध्ये ठरवलेलं. आता पट्टीची मापं आयईसी ६०७१५ या आंतरराष्ट्रीय मानकात आहेत, त्यामुळे एका देशातला एमसीबी दुसऱ्या देशातल्या चॅनलवर मुकाट्यानं बसतो. एका पोलच्या, म्हणजे एकच वायर तोडणाऱ्या, एमसीबीची रुंदी पण ठरल्यासारखीच, साधारण १८ मिलिमीटर, म्हणून बारा वेचा (असे बारा एमसीबी मावणारा) डीबी म्हटलं की पट्टीवर २१६ मिलिमीटर जागा लागणार हे टेप न काढता सांगता येतं.

पट्टीचं एक काम मात्र बाहेरून कळत नाही. पॅनलमध्ये हिरव्या-पिवळ्या रंगाची टर्मिनलं दिसतात ना, ती अर्थिंगची. त्यांचा पाय प्लास्टिकचा नसतो, धातूचा असतो, आणि तो पट्टीचे काठ असा आवळून धरतो की टर्मिनल थेट पट्टीशी जोडलं जातं. म्हणजे तिथे पट्टी नुसती खुंटी राहत नाही, ती स्वतःच अर्थची वायर होते. साधी साडेसात खोलीची स्टीलची पट्टी या कामात १६ स्क्वेअरच्या (म्हणजे १६ चौरस मिलिमीटर छेदाच्या) तांब्याच्या वायरीइतकी धरतात. पण त्यासाठी पट्टी पॅनलच्या अर्थला नीट जोडलेली पाहिजे, आणि इथेच लोक घोळ करतात, मागच्या प्लेटला छान पावडर कोटिंगचा रंग आणि त्याच्यावर पट्टी आवळलेली. रंगातून करंट जात नाही हो.

शेवटचा प्रश्न आडव्या सरकण्याचा. आकडा आणि जीभ मिळून उपकरण पुढे येऊ देत नाहीत, वरखाली होऊ देत नाहीत, पण पट्टीच्या लांबीच्या दिशेने धरायला फक्त घर्षण. म्हणून ओळीच्या दोन्ही टोकांना एंड क्लॅम्प लावतात, छोटासा तुकडा, स्क्रूने आवळायचा. आडव्या चॅनलवर तो विसरला तर कदाचित निभावतं, पण एका साइटवर मी चॅनल उभा लावलेला बघितला, जागा नव्हती म्हणून, आणि शेजारी मोठा कॉम्प्रेसर दिवसभर थरथरतोय. एंड क्लॅम्प एकही नाही. सगळी टर्मिनलं बोटभर खाली घसरलेली, वरच्या वायरी तंबोऱ्याच्या तारांसारख्या ताणलेल्या, आणि तक्रार काय, तर मशीन मधेच बंद पडतं. मेन पाडला, ओळ वर सरकवली, वायरी पुन्हा आवळल्या, टूलबॉक्समधले दोन क्लॅम्प काढून एक खाली एक वर लावला. पंधरा मिनिटांचं काम, जायला मात्र चार तास लागले होते.