कोकणातल्या छपरावरचे ऊन: सौर पॅनेलचा खर्च कधी वसूल होतो?

कोकणात घरावर सौर पॅनेल बसवण्याचा विषय निघाला की पहिली शंका पावसाची काढली जाते. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेले, रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, मग लाखभर रुपये छपरावर कशाला मांडायचे, असे विचारले जाते. शंका रास्त आहे. परंतु कागद-पेन घेऊन बसले की पाऊस हे त्या हिशोबातले फार मोठे कलम ठरत नाही. घरात वर्षभर किती युनिट जळतात आणि पॅनेलखालचा सांगाडा खाऱ्या हवेत व वादळात किती तग धरतो, यांवर किनाऱ्यावरचा नफा-तोटा अधिक अवलंबून असतो.

एक किलोवॉटचे पॅनेल म्हणजे दर चौरस मीटरवर १००० वॉट प्रकाश पडत असताना आणि सिलिकॉनचे तापमान २५ अंश सेल्सिअस असताना एक किलोवॉट वीज देणारे पॅनेल. छपरावर ही आदर्श स्थिती क्वचितच लाभते. मार्च-एप्रिलमध्ये एका किलोवॉटमागे दिवसाला साधारण पाच युनिट मिळतात, तर जुलैत ढगांतून गाळून येणाऱ्या विखुरलेल्या प्रकाशावर दोन-अडीच युनिटांवर समाधान मानावे लागते. तरीही वर्षाची बेरीज १२५० युनिटांच्या आसपास जाते, कारण उरलेले आठ महिने ती तूट बरीचशी भरून काढतात. शिवाय तापलेले सिलिकॉन कमी वीज देते: २५ अंशांच्या वर दर अंशामागे उत्पादन साधारण ०.३५ टक्क्याने घटते, म्हणजे ६० अंशांपर्यंत तापलेल्या पॅनेलची सुमारे १२ टक्के वीज उष्णतेतच जाते. दुपारी सुटणारा समुद्रावरचा वारा पॅनेल थोडे निववतो, म्हणून विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हाचा हेवा करण्याचे कारण नाही.

आता पैशांकडे वळू. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये अनुदान मिळते. त्यापुढे कितीही मोठी यंत्रणा बसवली तरी ७८,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांचा टप्पा स्वस्त असून १०१ ते ३०० युनिटांचा दर त्याच्या जवळपास दुप्पट पडतो. सर्व आकार व शुल्क धरून हे दर ढोबळमानाने सात आणि बारा रुपये मानू. महिन्याला २५० युनिट जाळणाऱ्या कुटुंबाने दोन किलोवॉटची यंत्रणा बसवली, तर महिन्याला सरासरी २०८ युनिट वाचतात. त्यांपैकी १५० युनिट महागड्या टप्प्यातले असल्याने बचत २,२०० रुपयांच्या घरात जाते. यंत्रणेचा खर्च १ लाख ३० हजार धरला, त्यातून ६०,००० चे अनुदान वजा केले आणि किनाऱ्यावर लागणाऱ्या भक्कम सांगाड्यासाठी २०,००० वाढवले, तरी घातलेले ९०,००० रुपये साडेतीन वर्षांच्या आत परत येतात. पॅनेलच्या उत्पादनाची हमी सहसा २५ वर्षांची असते. पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करून देणारा इन्व्हर्टर मात्र दहा-बारा वर्षांनी बदलावा लागेल असे धरून चालावे.

हाच हिशोब महिन्याला १०० युनिटांत भागणाऱ्या घराला लावला की चित्र पालटते. तिथे वाचणारे प्रत्येक युनिट स्वस्त टप्प्यातले असते, एका किलोवॉटची बचत महिन्याला ७०० रुपयांवर थांबते, आणि अनुदानानंतर पदरचे ४०,००० रुपये गेले असतील तर ते वसूल व्हायला पाच वर्षे लागतात. चाकरमान्यांच्या बंद घरांचा प्रश्न आणखी बिकट आहे. गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर ज्या घराला कुलूप असते, तिथे वर्षाची सरासरी महिन्याला ३० युनिटही भरत नाही. अशा घरावर पॅनेल बसवणे, अनुदान मिळत असले तरी, मला व्यवहाराचे वाटत नाही.

तयार झालेली जादा वीज विकून पैसे मिळतील, ही आशाही फारशी धरू नये. नेट मीटर म्हणजे वाहिनीतून घेतलेली आणि वाहिनीत सोडलेली अशी दोन्ही वीज मोजणारा मीटर. त्याच्या व्यवस्थेत जादा युनिट पुढच्या महिन्यांच्या बिलांत वळते होतात. आर्थिक वर्षाअखेर शिल्लक उरलेल्या युनिटांना मात्र फार कमी दर मिळतो. कोकणाच्या दृष्टीने यात एक सोय आपोआप झाली आहे. हे वर्ष १ एप्रिलला सुरू होते, त्यामुळे एप्रिल-मेच्या कडक उन्हात साठलेले युनिट नेमके पावसाळ्यातल्या तुटीला उपयोगी पडतात. उलट जानेवारी ते मार्चमधली शिल्लक ३१ मार्चला जवळजवळ मातीमोल होते. म्हणून यंत्रणा गरजेपेक्षा किंचित लहान ठेवणेच शहाणपणाचे.

जागा निवडताना माडांकडे आधी पाहावे. रत्नागिरीच्या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ५० अंशांपेक्षा वर येत नाही, त्यामुळे घराच्या दक्षिणेला छपरापेक्षा दहा मीटर उंच असलेल्या माडाची सावली दुपारी बारालाही साडेआठ मीटर उत्तरेकडे पडते. सकाळी नऊला ती कितीतरी लांब असते. पॅनेल एकामागे एक साखळीने जोडलेले असल्याने एका पॅनेलवर झावळीची सावली पडली तरी साखळीतून वाहणारा प्रवाह अडतो. पॅनेलमधले बायपास डायोड सावलीतला भाग वगळून प्रवाहाला वाट करून देतात खरे, पण तेवढ्या भागाची वीज जातेच. आकाश सर्वांत निरभ्र असते तेही हिवाळ्याच्या याच महिन्यांत, म्हणून गच्चीची पाहणी मे महिन्यात करून भागत नाही.

खर्चाला खरी कात्री लावू नये ती सांगाड्याला. हर्णै किंवा देवगडसारख्या ठिकाणी समुद्रालगतच्या घराच्या खिडकीचे गज पाहिले, तर खारी हवा लोखंडाचे काय करते हे वेगळे सांगावे लागत नाही. सांगाडा गरम जस्ताच्या कढईत बुडवून काढलेला, म्हणजे हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड असावा, आणि नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, शक्यतो ३१६ दर्जाचे असावेत. जागेवर वेल्डिंग केले की तिथले जस्त जळून जाते आणि गंज नेमका त्याच सांध्यातून शिरतो. असा सांधा दिसल्यास काम तिथेच थांबवायला सांगावे. अॅल्युमिनियमची चौकट साध्या लोखंडाला थेट टेकली आणि मध्ये खारट ओल आली की दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होऊन झीज वाढते, हेही ध्यानात ठेवावे. पॅनेल निवडताना खाऱ्या धुक्याची चाचणी उत्तीर्ण झाल्याचे, आयईसी ६१७०१ या मानकाचे प्रमाणपत्र मागावे.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन परिसरात धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळात वारे ताशी ११० ते १२० किलोमीटरने वाहिले. ताशी १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ६८ किलो वजनाइतका होतो, आणि आजकालच्या साधारण अडीच चौरस मीटरच्या एका पॅनेलवर तो १७० किलोंच्या आसपास जातो; पॅनेलचे स्वतःचे वजन तीसेक किलो असते. खाली वावरायला जागा हवी म्हणून गच्चीवर सात-आठ फूट उंच सांगाडा उभारला, तर पॅनेल शिडासारखे वारा धरतात. कोकणात गळती टाळण्यासाठी अनेकांनी स्लॅबवर पत्र्याची शेड घातलेली असते. तिची दक्षिण उतरण मोकळी असेल आणि कैच्या मजबूत असतील, तर पॅनेल पत्र्याला समांतर, थोडे अंतर ठेवून बसवणे अधिक सुरक्षित. कौलारू घराच्या वाशा-रिपांवर हे वजन टाकण्यापूर्वी जाणत्या सुताराला दाखवावे. माकडांच्या उड्यांनी फुटलेली कौले बदलायला पॅनेलखाली हात पोहोचेल का, हाही प्रश्न तिथे असतोच.

लाईट गेल्यावर घर चालू राहील, या समजुतीने पॅनेल घेणाऱ्यांची मात्र निराशा होते. वीजवाहिनीला जोडलेला साधा इन्व्हर्टर पुरवठा खंडित होताच स्वतः बंद पडतो, कारण तसे झाले नाही तर घरातली वीज उलट वाहिनीत जाऊन खांबावर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. निसर्गनंतर रायगडात आणि दापोली-मंडणगड भागात कित्येक गावे दीर्घकाळ अंधारात होती. अशा वेळी लख्ख उन्हातही ही पॅनेल कामास येत नाहीत. त्यासाठी हायब्रीड, म्हणजे पुरवठा गेल्यावर बॅटरीवरही घर चालवणारा इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. बॅटरीने लाईटबिल आणखी कमी होत नाही, त्यामुळे तो खर्च परताव्याच्या हिशोबात न धरता सोयीसाठी केलेला वेगळा खर्च समजावा. दिवे, पंखे आणि फ्रिज यांच्यापुरती बॅटरी घेणे पुष्कळांना परवडते. विहिरीचा पंपही तिच्यावर चालवायचा असेल, तर तो सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो, म्हणून इन्व्हर्टरची क्षमता त्या क्षणाचा भार धरून ठरवून घ्यावी.