अँजिओप्लास्टीतील अडकलेली वा तुटलेली गाइडवायर

हृदयाच्या धमनीतला अडथळा मोकळा करताना फुगा, स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) वगैरे साधने ज्या बारीक तारेवरून आत सरकवतात तिला गाइडवायर म्हणतात. क्वचित ही तार धमनीत अडकून बसते, किंवा तुटून तिचा तुकडा आत राहतो. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १९७७ साली झुरिचमध्ये हृदयाच्या धमनीची पहिली अँजिओप्लास्टी केली, तेव्हा तार फुग्याच्या टोकालाच पक्की जोडलेली असे. फुग्यापासून वेगळी हलवता येणारी तार जॉन सिम्पसन यांच्या कामातून १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आली.

तारेची जाडी ०.०१४ इंच, म्हणजे साधारण ०.३६ मिलिमीटर, लांबी बहुधा १८० ते १९० सेंटिमीटर. आत पोलादाचा किंवा नायटिनॉलचा (निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूचा) गाभा असतो आणि तो टोकाकडे निमुळता होत जातो. टोकाभोवती क्ष-किरणांत दिसणाऱ्या धातूची, बहुधा प्लॅटिनमची, बारीक स्प्रिंग गुंडाळलेली असते. ताण बसला की ही स्प्रिंग उलगडत जाते. गाभा तुटूनही स्प्रिंग लांबत राहिली, तर तिचा धागा थेट महाधमनीपर्यंत लोंबू शकतो.

अडकण्याचा नेहमीचा प्रसंग म्हणजे धमनीला फाटा फुटतो तिथली अँजिओप्लास्टी. उपशाखा बंद पडू नये म्हणून तिच्यात एक तार ठेवतात आणि मुख्य धमनीत स्टेंट फुगवतात. मग ती तार स्टेंट आणि धमनीची भिंत यांच्यात चेपली जाते. बहुतेक वेळा ती सहज निघते. पण कॅल्शियम साचलेल्या कडक धमनीत, किंवा स्टेंट फार दाबाने फुगवला असेल तर, निघत नाही. पूर्ण बंद धमनीत टोक रुतलेले असताना तार एकाच दिशेने फिरवत राहिल्यास ती पिळली जाऊन तुटते. कॅल्शियम घासणाऱ्या फिरत्या बरनेही (बारीक घासणीनेही) ती कापली जाऊ शकते.

अशा वेळी हात आपोआप जोर लावतो, आणि नुकसान तिथेच होते. तार ओढली की प्रतिक्रियेने गाइड कॅथेटर, म्हणजे धमनीच्या मुखाशी ठेवलेली जाड नळी, आत खेचला जातो. त्याने धमनीचे मुख चिरू शकते, बसवलेला स्टेंटही चेमटू शकतो. म्हणून आधी कॅथेटर थोडा मागे घ्यावा, मग त्याच तारेवरून मायक्रोकॅथेटर (अगदी बारीक नळी) किंवा लहान फुगा अडकल्या जागेपर्यंत न्यावा, आणि तिथे आधार देऊन सावकाश ओढावे.

तुकडा आत राहिलाच, तर त्याची जागा आणि लांबी आधी पाहावी लागते. स्प्रिंगचा उलगडलेला धागा क्ष-किरणांत नीट दिसत नाही. आयव्हस (ध्वनिलहरींनी) किंवा ओसीटीने (प्रकाशाने) धमनीच्या आतून पाहिल्यास तो सापडतो. मोकळे टोक मिळत असेल तर फासाच्या स्नेअरने पकडतात. स्नेअर हाताशी नसेल तर दोन-तीन नव्या तारा तुकड्याभोवती पिळून सगळे एकत्र ओढतात. ही जुगाडासारखी वाटणारी युक्ती बऱ्याचदा चालते. तुकडा गाइड कॅथेटरच्या आतपर्यंत आलेला असेल तर तिथेच फुगा फुगवून तो दाबून धरतात आणि सगळी सामग्री एकदम बाहेर काढतात.

प्रत्येक तुकडा काढलाच पाहिजे असे नाही. लहानशा टोकाच्या शाखेत किंवा आधीच बंद असलेल्या धमनीत रुतलेला छोटा तुकडा तसाच ठेवून रक्त पातळ ठेवणारी औषधे देता येतात. मुख्य धमनीतला तुकडा काही वेळा स्टेंटने भिंतीशी दाबून ठेवतात. महाधमनीत लोंबणारा धागा मात्र सोडून चालत नाही, कारण त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि ती सुटून मेंदूकडे जाऊ शकते. कॅथेटरने जमले नाही, तर शस्त्रक्रिया करून तुकडा काढतात आणि गरज असल्यास त्याच वेळी बायपासही करतात.