नागरी सेवा परीक्षेचा अर्ज : केंद्राचा दाखला, त्यावरची तारीख आणि दरवर्षी होणाऱ्या त्याच चुका

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी चालू घडामोडींच्या टिपणांवर रोज कित्येक तास घालवतात. १०३वी घटनादुरुस्ती कोणत्या वर्षी झाली, क्रिमीलेयरची, म्हणजे ओबीसींतील आरक्षणाबाहेर ठेवलेल्या सधन वर्गाची, उत्पन्नमर्यादा किती, हे त्यांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. मात्र हेच नियम स्वतःच्या अर्जाला लावायची वेळ आली की हुशार मुलेसुद्धा अडखळतात आणि अभ्यासात कुठेही कमी नसताना केवळ एका कागदापायी प्रवर्गाचा लाभ गमावून बसतात. म्हणून या लेखात नेहमीच्या गोष्टी थोडक्यात आटोपून, अर्ज जिथे खरोखर अडतात त्या जागांविषयी सविस्तर लिहिले आहे.

मूलभूत पात्रता सोपी आहे. कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी हवी. अंतिम वर्षाला असलेल्यांना पूर्वपरीक्षेला बसता येते, पण मुख्य परीक्षेच्या अर्जाबरोबर उत्तीर्ण झाल्याचा पुरावा द्यावा लागतो. परीक्षेच्या वर्षातील १ ऑगस्ट रोजी वयाची २१ वर्षे पूर्ण असावीत आणि ३२ पूर्ण झालेली नसावीत. इतर मागासवर्गीयांना तीन आणि अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षांची सवलत आहे. खुल्या प्रवर्गाला सहा, ओबीसींना नऊ प्रयत्न मिळतात आणि अनुसूचित जाती-जमातींना प्रयत्नांची मर्यादा नाही. ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातील, उमेदवारांना वयात किंवा प्रयत्नांत कोणतीही सवलत नाही, हे अनेकांना फार उशिरा कळते. नुसता अर्ज भरून परीक्षेला गैरहजर राहिल्यास प्रयत्न मोजला जात नाही. पूर्वपरीक्षेच्या एका पेपरला जरी बसलात तरी तो मोजला जातो. शुल्क १०० रुपये असून महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना ते माफ आहे. ओबीसी आणि ईडब्ल्यूएस पुरुष उमेदवारांनी मात्र ते भरायचे आहे.

२०२५ च्या परीक्षेपासून एक मोठा बदल झाला. पूर्वी जातीचा दाखला मुख्य परीक्षेच्या वेळी लागत असे. आता जन्मतारीख, प्रवर्ग, दिव्यांगत्व यांचे पुरावे पूर्वपरीक्षेच्या अर्जाबरोबरच अपलोड करावे लागतात. ‘आधी पूर्वपरीक्षा तर निघू दे, मग दाखल्याचे बघू’ ही जुनी सवय त्यामुळे घातक ठरते. मे २०२५ मध्ये आयोगाने अर्जाचे नवे पोर्टलही सुरू केले. त्यावर आधी खाते, मग सार्वत्रिक नोंदणी, त्यानंतर सामाईक अर्ज आणि शेवटी त्या-त्या परीक्षेचा अर्ज असे टप्पे आहेत. पहिले तीन टप्पे कोणत्याही जाहिरातीची वाट न पाहता पूर्ण करता येतात आणि ते तसेच करावेत.

राज्याचा दाखला आणि केंद्राचा दाखला

सेतू केंद्राच्या खिडकीवर ‘राज्याचा हवा की केंद्राचा?’ असे विचारले जाते आणि समोरचा मुलगा ‘जो चालतो तो द्या’ असे सांगून मोकळा होतो. तिथेच पहिली गफलत होते. राज्य सेवा परीक्षेला चालणारे नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र केंद्रीय आयोगाला चालत नाही. केंद्राच्या नमुन्यात जात केंद्राच्या यादीत समाविष्ट असल्याचा उल्लेख लागतो आणि उमेदवार ८ सप्टेंबर १९९३ च्या कार्यालयीन ज्ञापनाच्या परिशिष्टातील तिसऱ्या रकान्यात दिलेल्या वर्गात, म्हणजे क्रिमीलेयरमध्ये, मोडत नाही असे वाक्य लागते. दाखला हातात पडल्यावर खिडकी सोडण्याआधी हे वाक्य आणि ज्ञापनाची तारीख शोधा. ती सापडली नाहीत तर कागद कितीही शिक्क्यांनी भरलेला असला तरी या परीक्षेसाठी तो उपयोगाचा नाही.

यादीचा प्रश्न याहून नाजूक आहे. महाराष्ट्रात विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग हे स्वतंत्र प्रवर्ग आहेत. केंद्रात तसे काही नाही. धनगर किंवा वंजारी समाजाच्या उमेदवाराने राज्याच्या अर्जात एनटी-सी किंवा एनटी-डी लिहिले तरी केंद्राच्या अर्जात त्याने ओबीसी हाच पर्याय निवडायचा असतो. काही जाती मात्र राज्याच्या यादीत असून केंद्राच्या यादीत नाहीत किंवा वेगळ्या पोटनावाने आहेत. राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर महाराष्ट्राची केंद्रीय यादी आहे. आपली जात तिथे ज्या शब्दांत छापली आहे त्याच शब्दांत दाखल्यावर आली पाहिजे. अक्षराचा फरक दिसला तर दाखला निघण्यापूर्वीच सांगावे, कारण नंतरची दुरुस्ती नव्या अर्जाइतकीच वेळखाऊ असते.

मराठा उमेदवारांची अडचण वेगळी आहे. २०२४ च्या राज्य कायद्याने त्यांना एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गात १० टक्के आरक्षण दिले, परंतु केंद्रीय सेवांमध्ये हा प्रवर्ग अस्तित्वातच नाही. निकषांत बसत असल्यास त्यांना केंद्रासाठी ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र मागता येते. ‘तुम्ही तर आता एसईबीसीत आहात’ असे उत्तर कार्यालयातून मिळाले, तर ३१ जानेवारी २०१९ चे केंद्रीय ज्ञापन नम्रपणे पुढे करावे. केंद्राच्या अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी आरक्षणात न येणाऱ्यांसाठी हे आरक्षण आहे, असे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे.

तारीख : सर्वांत जास्त अर्ज इथेच अडतात

राज्याच्या नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्रावर ‘अमुक ३१ मार्चपर्यंत वैध’ असे छापलेले असते आणि उमेदवार त्या ओळीवर विसंबून राहतो. केंद्रीय आयोग वैधतेची ही ओळ पाहत नाही. दाखला कोणत्या आर्थिक वर्षांच्या उत्पन्नावर आधारलेला आहे आणि तो कोणत्या तारखेला दिला गेला, एवढेच तो पाहतो. २०२५ च्या परीक्षेचे उदाहरण घेऊ. त्या वर्षी ओबीसी दाखला २०२१-२२, २०२२-२३ आणि २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांच्या उत्पन्नावर आधारित आणि १ एप्रिल २०२४ रोजी किंवा त्यानंतर, पण अर्जाच्या अंतिम तारखेपर्यंत दिलेला असणे आवश्यक होते. ईडब्ल्यूएससाठी २०२३-२४ या एकाच वर्षाचे उत्पन्न आणि तारखांची तीच चौकट होती. मार्च २०२४ मध्ये घाईने काढलेला दाखला त्यामुळे बाद आणि अंतिम तारखेनंतर दुसऱ्या दिवशी मिळालेला दाखलाही बाद.

हा नियम कठोर वाटतो, पण न्यायालयातही तो टिकलेला आहे. २०२२ च्या परीक्षेतील काही उमेदवारांचे ईडब्ल्यूएस दावे चुकीच्या आर्थिक वर्षाच्या किंवा उशिरा मिळालेल्या प्रमाणपत्रांमुळे नाकारले गेले. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले; ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने आयोगाची भूमिका उचलून धरली. मुले पात्र असतीलही, पण ठरलेल्या तारखेला ठरलेल्या वर्षाचा कागद त्यांच्या हाती नव्हता. वय ३२ च्या पुढे गेलेल्या किंवा सहा प्रयत्न संपलेल्या ओबीसी उमेदवारासाठी तर हा धोका दुहेरी आहे, कारण दाखला नाकारला गेला की त्याला खुल्या प्रवर्गातूनही वाट उरत नाही. अर्जात खुला प्रवर्ग लिहून नंतर आरक्षित प्रवर्गात बदलून मागण्याची विनंतीही आयोग स्वीकारत नाही.

परीक्षेची अधिसूचना साधारणपणे जानेवारी-फेब्रुवारीत निघते आणि अर्जाला जेमतेम तीन आठवडे मिळतात. या तीन आठवड्यांत तहसील आणि प्रांत कार्यालयातून दाखला निघेल, या भरवशावर कोणीही राहू नये. मार्चअखेर आर्थिक वर्ष संपले की एप्रिल-मेमध्येच पुढील वर्षाच्या परीक्षेसाठी दाखल्याचा अर्ज टाकावा. २०२५ मध्ये अंतिम तारीख ११ फेब्रुवारीवरून आधी १८ आणि मग २१ फेब्रुवारी झाली होती, हे खरे. तरीही मुदतवाढ हा कोणाचा हक्क नव्हे. शेवटच्या दिवशी पोर्टल मध्यरात्री नव्हे, संध्याकाळी सहा वाजता बंद होते, हेही ध्यानात असू द्यावे.

क्रिमीलेयर : काय मोजायचे आणि काय नाही

आठ लाखांची मर्यादा २०१७ पासून लागू आहे. ही मर्यादा सलग तीन वर्षे ओलांडलेली असावी लागते आणि तिच्यात पगार व शेतीचे उत्पन्न धरले जात नाही. सरकारी नोकरीतील आई-वडिलांसाठी पगाराचा आकडा नव्हे, पदाचा गट पाहतात. दोघांपैकी एक जरी थेट भरतीने गट अ मध्ये असेल, किंवा दोघेही गट ब मध्ये थेट भरती झालेले असतील, तर मूल क्रिमीलेयरमध्ये जाते. गट ब मध्ये लागलेले वडील वयाच्या चाळिशीपर्यंत गट अ मध्ये पोहोचले असतील तरीही जाते. याउलट जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असलेले, गट क मधील पती-पत्नी मिळून वर्षाला पंधरा लाख पगार घेत असले आणि त्यांचे इतर उत्पन्न किरकोळ असले, तर त्यांचे मूल नॉन-क्रिमीलेयरच ठरते. हे ठाऊक नसलेला कर्मचारी फॉर्म १६ वरील आकडा पाहून ‘तुम्ही बसत नाही’ असे सांगून टाकतो आणि शिक्षकाची मुलगी हक्काच्या आरक्षणावर पाणी सोडून घरी परतते. हे पाहिले की संताप येतो. दाखला देणाऱ्या खुर्चीत बसलेल्या माणसाला १९९३ च्या ज्ञापनाची चार पाने वाचलेली असावीत, ही अपेक्षा काही फार मोठी नाही. खासगी कंपन्यांतील पालकांच्या पगाराबाबत मात्र वाद आहेत आणि ते न्यायालयांपर्यंत गेलेले आहेत. अशा कुटुंबांनी जाणकाराला विचारूनच अर्ज करावा.

विवाहित मुलींसाठी एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. ओबीसी दाखल्यात तिच्या आई-वडिलांची स्थिती पाहिली जाते; नवऱ्याचे उत्पन्न किंवा हुद्दा नव्हे. नवऱ्याचा उत्पन्नाचा दाखला मागितला गेला तर तो नियमाला धरून नाही. ईडब्ल्यूएसमध्ये मात्र नेमके उलट आहे. तिथे कुटुंब म्हणजे उमेदवार, आई-वडील, जोडीदार, अठरा वर्षांखालील भावंडे आणि मुले. आणि पगार, शेती, धंदा असे सर्व उत्पन्न एकत्र मोजून ते आठ लाखांच्या आत असावे लागते.

ईडब्ल्यूएसमध्ये त्याशिवाय मालमत्तेची अट आहे. पाच एकर किंवा त्याहून अधिक शेतजमीन, हजार चौरस फूट किंवा त्याहून मोठी सदनिका, अधिसूचित नगरपालिका क्षेत्रात शंभर चौरस यार्ड आणि इतरत्र दोनशे चौरस यार्ड किंवा त्याहून मोठा निवासी भूखंड असल्यास उत्पन्न कितीही कमी असले तरी प्रमाणपत्र मिळत नाही. सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. पाच एकर म्हणजे साधारण २ हेक्टर २ आर, तेव्हा वेगवेगळ्या गटांतील क्षेत्रांची बेरीज स्वतः करून पाहा. मराठवाड्यातील सहा एकर कोरडवाहू आणि पाटाखालची सहा एकर बागायत या नियमाला सारखीच दिसते. हा अन्याय आहे असे माझे स्पष्ट मत आहे, पण अर्ज भरताना नियम आहे तसाच धरून चालावे लागते.

घरात नसलेला कागद

जातीचा दाखला पहिल्यांदाच काढणाऱ्यांची खरी दमछाक जुन्या पुराव्यासाठी होते. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा जात व वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबा शाळेत गेले नसतील तर शाळेचा निर्गम उतारा कुठून आणणार? अशा वेळी तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी पाहाव्यात. वडिलांच्या आत्याचा किंवा चुलत आजोबांचा पुरावाही वंशावळीसह जोडता येतो. नोंद मोडी लिपीत निघाली तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे लागते. या शोधात महिने जातात, म्हणून ज्याच्या घरात आजवर कोणाचाच दाखला निघालेला नाही त्याने पदवीच्या पहिल्या वर्षापासूनच तो हाती घ्यावा.

जन्मतारखेसाठी आयोग दहावीच्या बोर्डाचे प्रमाणपत्रच मानतो; आधार, जन्माचा उतारा किंवा प्रतिज्ञापत्र चालत नाही. नाव या प्रमाणपत्राप्रमाणेच लिहावे. आपल्याकडे दहावीच्या कागदांवर आडनाव आधी असते आणि आधारवर शेवटी. लग्नानंतर बदललेल्या नावाची त्यात भर पडते. नाव खरोखर बदलले असेल तर राजपत्रातील नोंद आधी करून घ्यावी.

दाखल्याचा अर्ज दिल्यावर पावती घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ अन्वये प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली आहे. ती उलटली, किंवा अर्ज नाकारला गेला, तर प्रथम अपील करता येते आणि नाकारल्याचे कारण लेखी मागता येते. ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ हे लेखी कारण नव्हे. अपिलाच्या अर्जाला पावतीची प्रत जोडावी लागते, आणि पावती नसेल तर मुदत कधी सुरू झाली हेच सिद्ध करता येत नाही. मिळालेला मूळ दाखला लॅमिनेट न करता जपून ठेवावा, कारण मुलाखतीच्या वेळी आयोग मूळ कागद तपासतो आणि अपलोड केलेला दाखला व समोर ठेवलेला दाखला एकाच तारखेचा आहे ना, हे तिथे पुन्हा पाहिले जाते.